चेंबरला कॉर्कऐवजी सिलिकॉन: पावसाळा आणि उसाचा हंगाम काढल्यावरचा अनुभव

इंजिनचं तेल गळायचं म्हणून गाडीखाली पुठ्ठा ठेवायचो, ते आता बंद केलंय. जूनच्या तोंडावर इंजिनचं ऑइल चेंबर, म्हणजे खालचं तेलाचं भांडं, खोललं, कॉर्कचं पॅकिंग काढून टाकलं आणि ग्रे सिलिकॉन (ट्यूबमधून लावायचं, सुकून रबरासारखं होणारं पॅकिंग) लावून परत बसवलं. मधे अख्खा पावसाळा गेला, दिवाळी गेली, आता साखर कारखान्यांचे पट्टे पडायला लागलेत, म्हणजे गाळप संपत आलंय. पार्किंगच्या फरशीवर थेंब नाही. एका कोपऱ्याबद्दल तक्रार आहे, ती पुढे सांगतो.

गाडी 2012ची पेट्रोल हॅचबॅक, लाखाच्या वर चाललेली. रोज कोल्हापुरात राजारामपुरी ते शिरोली एमआयडीसी, आणि अधनंमधनं गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून वैभववाडीला, सासुरवाडीला. म्हणजे निम्मं आयुष्य गर्दीत तापण्यात आणि उरलेलं स्पीडब्रेकरवर आपटण्यात.

मुळात या इंजिनाच्या चेंबरला वेगळं पॅकिंग येतच नाही. कंपनीतून सिलिकॉनवरच बसवलेलं असतं. आधीच्या एका गॅरेजने क्लचच्या कामाच्या वेळी चेंबर खोललं आणि बाजारात मिळतं ते कॉर्कचं पॅकिंग टाकलं. काही महिन्यांत पाझर सुरू. दर वेळी उत्तर एकच, "बोल्ट टाइट करून दिलेत." तिथंच सगळा घोळ आहे. कॉर्क उष्णतेने वाळतो आणि आकसतो. मग बोल्ट ढिले वाटतात, म्हणून कुणीतरी आवळतो. चेंबर पत्र्याचं. जास्त आवळलं की बोल्टच्या भोकाजवळ पत्रा वर ओढला जातो आणि दोन बोल्टच्या मधे फट पडते. तेल त्या फटीतून येतं. म्हणजे जितकं आवळाल तितकं गळणार!

या वेळी काम उद्यमनगरातल्या एका मिस्त्री मामांकडे दिलं. गाडी गॅरेजमधल्या खड्ड्यावर घेतली तरी मामा खाली उतरेनात. बॉनेट उघडून टॉर्च लावून वरूनच बघत बसले. "दादा, खाली गळतंय म्हणून खालचंच गेलंय असं नसतंय. तेल वरनं उतरतंय, वाऱ्यानं मागं जातंय. आधी वरचं बघायचं."

हे शंभर टक्के खरं आहे, आणि अनेकांचे पैसे इथंच वाया जातात. टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग गेलं तरी तेल ब्लॉकवरून ओघळत चेंबरच्या कडेला येऊन थांबतं. ऑइल प्रेशर स्विच, फिल्टरची बैठक, पुढचं क्रँक सील (इंजिनच्या फिरत्या दांड्याभोवती तेल अडवणारं रबर), यांचंही तसंच. गिअरबॉक्स आणि इंजिनच्या सांध्यातून थेंब येत असेल तर मागच्या क्रँक सीलवर संशय घ्यायचा. ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, खर्चाचा आकडाच वेगळा. तिथलं तेल बोटावर घेऊन वास घ्यायचा. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, इंजिन ऑइलला नाही. मामांनी इंजिन डिझेलने धुऊन, हवा मारून कोरडं केलं, चेंबरच्या कडेला टाल्कम पावडर मारली आणि मला गाडी टेंबलाईवाडीपर्यंत फिरवून आणायला सांगितलं. परत आल्यावर दोन बोल्टच्या मधे पांढऱ्या पावडरीत तपकिरी रेघ स्पष्ट उमटलेली. ड्रेन बोल्ट कोरडा, वरचं सगळं कोरडं. मग खोलायचं ठरलं.

त्याआधी त्यांनी पीसीव्ही व्हॉल्व्हही, म्हणजे इंजिनच्या आतला दाब सोडणारा व्हॉल्व्ह, काढून साफ केला. तो चोंदला की इंजिनच्या आतला दाब बाहेर पडायला वाट शोधतो, आणि नवं पॅकिंगसुद्धा तेल धरत नाही. मिनिटांचं काम, पण कुणी करत नाही.

चेंबर काढायला सायलेन्सरचा पुढचा पाइप सोडवावा लागला. त्याचे गंजलेले नट हेच दिवसातलं सगळ्यात वैतागाचं काम होतं. आत ऑइल ओढणाऱ्या जाळीवर जुन्या सिलिकॉनचे काळे तुकडे अडकलेले सापडले. आधीच्या माणसाने कॉर्कच्या दोन्ही बाजूंना भरमसाट सिलिकॉन थापलं होतं. जास्तीचं आतल्या बाजूला येतं, तुटतं आणि जाळीवर बसतं. जाळी पुरती भरली असती तर प्रेशर पडून बेअरिंग गेल्या असत्या. फरशीवरच्या डागापेक्षा हे फार महाग प्रकरण.

आता कोल्हापूरचा फायदा कुठं होतो ते सांगतो. मामांच्या शेजारीच मशीनशॉप. चेंबर धुऊन थेट तिथल्या सरफेस प्लेटवर (एकदम सपाट लोखंडी पाटावर) पालथं ठेवलं. कडेखाली फिलर गेजची (फट मोजायची) पातळ पाती सरकवली तर दोन ठिकाणी आरामात आत गेली. बोल्टच्या भोकांभोवती पत्रा बशीसारखा उचललेला दिसत होता. कडेखाली लोखंडी ठोकळा धरून हलक्या हातोडीने एकेक भोक बसवलं, परत प्लेटवर ठेवलं, परत गेज लावलं. पाती कुठंच जाईना, तेव्हा थांबले. नवं चेंबर घ्यायची वेळ आली नाही.

ब्लॉकची बाजू प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून ब्रेक क्लीनरने पुसली. ग्राइंडरला घासायची चकती लावणारे खूप जण आहेत. तिची भुकटी इंजिनात जाते आणि बेअरिंग खाते. तुमच्या मिस्त्रीच्या हातात ती दिसली तर सरळ नको म्हणा.

सिलिकॉनची ट्यूब मला 250-300 रुपयांत पडली. तेल सोसणारं, गाडीच्या सेन्सरला अपाय न करणारं घ्या. बाथरूमच्या फटी भरायचं, व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन इंजिनला लावणारे महाभागही मी बघितलेत. ते तेलात टिकत नाही, वर धातू गंजवतं. मामांनी तीनेक मिलिमीटर जाडीची एकसलग रेघ ओढली, भोकांच्या आतल्या बाजूने, कुठंही न तोडता. टायमिंग कव्हर (टायमिंग चेनवरचं झाकण) आणि ब्लॉक जिथं भेटतात तिथं एक जादा ठिपका. मग रेघ ओली आहे तोवर चेंबर सरळ वर नेऊन बसवलं, न सरकवता. बोल्ट सहा एमएमचे, दहाच्या पान्याचे. मधल्यापासून बाहेर, आलटून पालटून, आवळायचा जोर 10 न्यूटन मीटरच्या आसपास. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा घ्या. हा आकडा इतका कमी आहे की लांब दांड्याचा रॅचेट लावणाऱ्याला तो खरा वाटत नाही.

आणि मग गाडी तिथंच. तेल दुसऱ्या दिवशी भरलं. संध्याकाळी गाडी मिळणार नाही म्हणून मी कुरकुर केली, तर मामा म्हणाले, "न्यायची तर न्या, पण मग माझं नाव सांगू नका." हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यावर सुकतं, त्यामुळे आपल्याकडच्या जूनमध्ये अडचण नाही. थंडीच्या कोरड्या हवेत जास्त वेळ द्यावा लागतो.

तेव्हापासून डिपस्टिकवरची पातळी दोन सर्व्हिसच्या मधे डोळ्याला दिसेल इतकी हलली नाही. पूर्वी मधेच पाव-अर्धा लिटर टाकावं लागायचं. घाट चढून आल्यावर सायलेन्सरवर तेल जळल्याचा वास यायचा, तोही गेला. बायकोला सगळ्यात आधी हेच जाणवलं.

तक्रार अशी की टायमिंग कव्हरच्या त्या कोपऱ्यात थोडा घाम येतो. थेंब होत नाही, पण धूळ चिकटून बोटाएवढा काळा पट्टा झालाय. मामांना दाखवलं तर पुसून म्हणाले, वाढलं तर बघू, एवढ्यासाठी खोलायचं नाही. मला पटलं, कारण सिलिकॉनवरचं चेंबर परत काढणं सोपं नसतं. पातळ पातं घालून सोडवावं लागतं, आणि स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं की पत्रा परत वाकतो.

मजुरी, तेल, फिल्टर धरून खर्च कॉर्कवाल्या कामाच्या दुप्पट झाला. पुढच्या सर्व्हिसला ड्रेन बोल्टचा वॉशर नवा टाकून घेणार आहे, आणि तो कोपरा पुसून परत पावडर मारून बघणार आहे.