भाजीच्या वाफ्यांसाठी वाड्याचं सागवान : टिंबर मार्केटमधल्या एका वखारीचा अनुभव

पुण्यात सहकारनगरला आमच्या घरामागे थोडी मोकळी जागा आहे, पण कुदळ मारली की वीतभर खाली मुरूम लागतो. तिथे मुळा कधी सरळ वाढलाच नाही. म्हणून जमिनीवर उंच लाकडी वाफे करायचं ठरवलं. आधीचे दोन तयार मागवले होते, पाइनच्या फळ्यांचे. दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या फळीत चमचा रुतायला लागला आणि कोपऱ्यातून वाळवीची मातीची नळी वर चढली. वांगी ऐन भरात असताना वाफा फुटला. फार वाईट वाटलं.

या वेळी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये जुन्या लाकडाच्या वखारीत गेले. पेठांमधले वाडे उतरवले की त्यांच्या तुळया, खांब, कडीपाट (म्हणजे कड्यांवर फळ्या टाकून केलेलं छत) अशा वखारींत येतात. मालक म्हणाले, "ताई, मातीला लावायचं लाकूड ना? मग गाभ्याचंच घ्या. कडेचं पांढरं घेतलंत तर सागवान असूनही वाळवी खाईल." हे अगदी खरं आहे. सागाच्या गाभ्यात वाळवीला नकोशी असणारी द्रव्यं असतात, बाहेरच्या पांढरट थरात ती जवळजवळ नसतात. शिवाय वाड्याचं लाकूड वर्षानुवर्षं वाळलेलं असतं, त्यामुळे ते नव्या ओल्या लाकडासारखं पिळवटत नाही.

त्यांनी कडीपाटाची एक फळी ओढून काढली. एका बाजूला स्वयंपाकघराची काजळी, दुसऱ्या बाजूला चुन्याचे डाग, मध्ये जुन्या खिळ्यांची चौकोनी भोकं. कोपऱ्यावर दोनदा रंधा फिरवला तेव्हा काजळीखालून तपकिरी, तेलकट लाकूड निघालं आणि नव्या चामड्यासारखा वास सुटला. मी तिथेच ठरवलं.

मला या वखारीचं सगळ्यात आवडलं ते हे, की त्यांनी गठ्ठा गळ्यात मारला नाही. दीड तास उभं राहून मी एकेक फळी उलटीपालटी करून निवडली. येताना घरून चुंबक नेलं होतं, त्यानं लाकडात तुटून राहिलेले खिळे सापडले आणि ते त्यांच्या माणसानं काढून दिले. रंग लावलेल्या फळ्या मी बाजूला ठेवल्या. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं आणि आपल्याकडे त्यावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. भाजीच्या मातीला तो रंग लागू द्यायचा नाही, यावर मी ठाम आहे. "खालून जळकं ऑइल मारा, वर्षानुवर्षं बघायला नको," असंही मालकांनी सुचवलं. जळकं ऑइल म्हणजे गाडीच्या इंजिनातून काढलेलं वापरलेलं तेल. दारं-कुंपणाला लोक मारत असतील, भाजीच्या वाफ्याला कृपया मारू नका. मी बाहेरून फक्त कच्चं अळशीचं तेल दोन हात दिलं. ते वाळायला आठवडा गेला. तेलाच्या चिंध्या मात्र बोळा करून ठेवू नका, आपोआप पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवा.

सहा बाय तीन फुटांचे, सव्वा फूट उंचीचे दोन वाफे, फळी सव्वा इंच जाडीची. एकूण साडेपाच घनफूट लाकूड, २,४०० रुपये घनफुटाप्रमाणे १३,२०० रुपये. कटाई आणि टेम्पो वेगळा. स्वस्त नाही, पण पाइनचे वाफे दोन वर्षांत मातीला गेले होते.

तक्रार एकच, पण ती सांगायलाच हवी. घरी आलेल्या मालात दोन फळ्या मी निवडलेल्या नव्हत्या, कडेला बोटभर पांढरं होतं. फोन केल्यावर वाद न घालता बदलून दिल्या, तरी चार दिवस गेले आणि सुतारकाकांची एक खेप फुकट गेली. तुम्ही निवडलेल्या फळ्यांवर तिथेच खडूनं खूण करा.

जोडणी सुतारकाकांनी घरी केली. लोखंडी खिळे नकोत म्हणून त्यांनी आधीच सांगितलं, सागाला ते लागले की पाण्यानं काळे ओघळ उतरतात. स्टीलचे स्क्रू घेतले आणि प्रत्येकाला आधी ड्रिलनं भोक पाडलं, कारण इतकं वाळलेलं लाकूड कडेला चटकन तडकतं. कोपऱ्यांत आतून अडीच इंची खुंट, आणि सहा फुटी बाजूला मधोमध आणखी एक. ओली माती बाहेर ढकलते, तो खुंट नसता तर फळी फुगली असती. फळ्यांखाली शहाबादी फरशीच्या पट्ट्या उभ्या रोवल्या, म्हणजे लाकूड जमिनीला कुठेच टेकत नाही. तळ उघडाच आहे, पाणी थेट मुरमात जातं.

आता दोन पावसाळे झाले. लाकूड बाहेरून राखाडी पडलंय, तेवढंच. खालच्या फळीला सुरीचं टोक लावून पाहिलं, आत जात नाही. मुळे सरळ आणि हातभर लांब आले, पहिले चार शेजारच्या काकूंना दिले.

तिसऱ्या वाफ्यासाठी वखारीत सांगून ठेवलंय. काजळीची फळी आली की फोन करतो म्हणालेत.