सात महिन्यांचे वाचन आणि कुलूप लागलेला एकतिसावा भाग

गेल्या आठवड्यात पुण्यातल्या वनाझहून मेट्रोत बसल्यावर मी मोबाइलवरच्या एका वाचन-अ‍ॅपवर एका अद्भुतरम्य कथामालिकेचा एकतिसावा भाग उघडला, तर त्याला कुलूप होते. पहिले तीस भाग विनामूल्य होते आणि पुढच्या प्रत्येक भागाला अ‍ॅपवर पैसे देऊन घ्यायची सात नाणी पडणार होती. या अ‍ॅपवर सात महिन्यांत मी चौदा मालिका सुरू केल्या, पण पैसे मोजले ते केवळ या एकीसाठी.

भागाच्या अखेरीस नायकाचा जीव टांगणीला लावला की वाचक पुढे जातोच, अशी माझी आधी समजूत होती. तशाच मालिका निवडून मी दहाव्या भागापर्यंत कंटाळले, कारण उगारलेली तलवार पुढच्या भागाच्या पहिल्याच ओळीत म्यान होत असे. आता मला वाटते की वाचक गुंततो तो जादूची किंमत कळल्यावर, आणि ती पहिल्याच भागात कळली पाहिजे. या मालिकेत एक मुलगी आजारी भावाच्या उशाशी विझत आलेला दिवा मंत्राने पुन्हा पेटवते, आणि त्या बदल्यात तिला मृत आईचा आवाज कायमचा आठवेनासा होतो. राज्याचा इतिहास, घराण्यांची वंशावळ, सात प्रकारच्या शक्ती यांतले काहीही तोवर सांगितलेले नाही. तरीही ती पुन्हा मंत्र म्हणायला ओठ उघडते तेव्हा आपल्याला धास्ती वाटते, कारण काय गमावले जाईल हे आपण पाहिलेले असते. उरलेल्या तेरांपैकी बहुतेक मालिकांत जादू फुकट होती. पहिल्या परिच्छेदातच पाच अनोळखी नावे लादणाऱ्या दोन मालिका मी तिथेच सोडल्या.

हरिभाऊ आपटे यांनी १८९० मध्ये पुण्यातून सुरू केलेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकात कादंबऱ्या क्रमशः येत; पण तिथे वाचकाने अंकाचे पैसे आधीच दिलेले असत. येथे पैसे नंतर मागितले जातात, म्हणून आरंभीच्या भागांवर सगळा भार येतो.

नाण्यांचा संच साठांचा आहे. त्यात आठ भाग उघडतात आणि चार नाणी पडून राहतात. माझ्यासारख्या हिशेबी वाचकाला ही रचना अन्यायाची वाटते आणि ती बदलावी, असे मी अ‍ॅपच्या चालकांना कळवले आहे. तरीही मी काल दुसरा संच घेतला, कारण त्या मुलीला आईचा आवाज परत मिळतो की नाही, हे अजून समजलेले नाही.