स्नॅपसीड, नऊ महिन्यांनी: भंडारा पिवळाच राहायला हवा

सोमवती अमावस्येला जेजुरीत तीनेकशे फोटो काढले आणि परतताना एसटीतच स्नॅपसीड या फोटो-एडिटिंग ॲपमध्ये दिसेल त्या फोटोवर 'एचडीआर स्केप' या उजेड-सावलीतला तपशील उठवणाऱ्या फिल्टरचा 'स्ट्राँग' प्रकार लावत सुटलो. फोनवर झकास वाटलं. रात्री लॅपटॉपवर पाहतो तर आभाळ धुरकट, गडाच्या तटाला पांढरी कड, चेहरे काळवंडलेले आणि भंडारा चक्क नारिंगी. सोन्याची जेजुरी म्हणतात, मी पितळेची करून ठेवली होती.

त्याला आता नऊ महिने झाले. ॲप तेच, माझा अँड्रॉइड फोनही तोच. पण अख्ख्या फोटोवर फिल्टर ओतणं जवळपास बंद केलंय.

याचं कारण असलेलं बटण मला चार महिने सापडलंच नव्हतं. फिल्टर लावून झाला की एडिट स्टॅकच्या चिन्हातून 'व्ह्यू एडिट्स'मध्ये जायचं. तिथे आपण केलेलं एकेक काम खालून वर रचलेलं दिसतं. त्यातल्या एकावर टॅप केलं की ब्रश मिळतो. बोटाने जिथे रंगवाल तिथेच परिणाम उमटतो. जोर 25, 50, 75 किंवा 100. आता 'ड्रामा' हा फिल्टर फक्त पायऱ्या आणि दीपमाळांवर फिरवतो, तोही 50 वर. दगड खरखरीत उठतो, माणसं जशीच्या तशी राहतात. कडा नीट रंगवायच्या तर एका फोटोला वीस मिनिटं जातात, हे आधीच सांगून ठेवतो.

भंडाऱ्याचं दुखणं मात्र ब्रशने गेलं नाही. उन्हात उधळलेली हळद इतकी उजळ असते की फोटोत लाल आणि हिरवा दोन्ही चॅनेल (फोटोतला रंग ज्या लाल-हिरव्या-निळ्या आकड्यांनी बनतो ते) टोकाला जाऊन आपटतात. मग कण दिसतच नाहीत, सपाट पिवळा डाग उरतो. तपशील नोंदलाच गेला नसेल तर फिल्टर तो आणणार कुठून? उपाय कॅमेऱ्यातच होता: एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप खाली (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) आणि फोटो डीएनजीत, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेला कच्चा तपशील राखणाऱ्या रॉ फाइलमध्ये. स्नॅपसीड डीएनजी उघडतं. सावल्या तिथेच उजळून घेतो. मग 'सिलेक्टिव्ह'चा ठिपका हळदीवर ठेवायचा, दोन बोटांनी त्याचा घेर लहान करायचा आणि ब्राइटनेस किंचित उतरवायचा. घेरातला त्याच रंगाचा भाग तो बरोब्बर धरतो. ही करामत निक सॉफ्टवेअरची. स्नॅपसीड मूळचं त्यांचंच, 2012 मध्ये गूगलने ती कंपनी घेतली.

'पोर्ट्रेट'च्या बाबतीत चूक सर्वस्वी माझी. मावशीच्या फोटोवर त्वचा मऊ करायची पट्टी जोरात ओढली. सुरकुत्या गेल्या, आणि त्यांच्याबरोबर कपाळावरचं फिकट हिरवं गोंदणही. प्रिंट हातात घेऊन ती म्हणाली, "अरे, ही माझी धाकटी जाऊ आहे का?" तेव्हापासून ती पट्टी शून्यावर.

सर्जनशील प्रयोगांसाठी सगळ्यात जास्त वापरलं 'डबल एक्स्पोजर', म्हणजे एका फोटोवर दुसरा चढवायचं टूल. गडाच्या काळ्या सावलीच्या फोटोवर उधळलेल्या हळदीचा क्लोजअप 'लाइटन'मध्ये (दोन्हींतला जो भाग उजळ तो दिसतो) टाकला, तर काळोख तेवढा हळदीने भरला. नंतर स्टॅकमधून नको तिथली हळद पुसली. एका वेळी एकच फोटो चढवता येतो, त्यामुळे तिसरा हवा असेल तर तेच टूल पुन्हा उघडायचं.

मध्यंतरी मासिक वर्गणीचं एक ॲप घेतलं होतं, नाव घेत नाही. वर्गणी थांबवली त्या दिवशी माझे स्वतःचे प्रीसेटही (साठवून ठेवलेली सेटिंग्ज) कुलपात गेले. स्नॅपसीड फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि आपले 'लुक' साठवून ठेवता येतात. मी दोनच साठवलेत.

नको ते पुसायचं 'हीलिंग' टूल बारीकसारीक डागांपुरतं. पालखीसमोर उंचावलेले मोबाइलवाले हात काढायला गेलं की तिथे दुसऱ्याचंच अर्धं पागोटं येऊन बसतं, कारण कुठला भाग उचलायचा हे आपल्याला सांगता येत नाही. तेवढ्यासाठी लॅपटॉपवर गिंप हे फोटो-एडिटर उघडतो. त्यात कंट्रोल दाबून क्लिक केलं की क्लोनचा उगम, म्हणजे कुठला भाग उचलून चिकटवायचा ते, आपण ठरवतो. पण हल्ली बहुतेक वेळा ते हात राहूच देतो.