लग्न आणि रिसेप्शनसाठी शेअर्ड स्प्रेडशीट: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

लग्नाच्या नियोजनासाठी तयार अ‍ॅप हवी तेवढी मिळतात. आम्ही ती बाजूला ठेवून साधी ऑनलाइन स्प्रेडशीट (गुगल शीट्स) तारीख ठरल्यापासून रिसेप्शन आटोपल्यानंतरच्या हिशेबापर्यंत वापरली. मत आधीच सांगून टाकतो: काम चोख होतं, आणि समारंभाला आपला स्वतःचा चेहरा द्यायचा असेल तर तयार अ‍ॅपपेक्षा जास्त चांगलं होतं. अट एकच. पाहुण्यांच्या यादीत एका ओळीत एकच माणूस.

बहुतेक याद्या इथेच फसतात. कुटुंबप्रमुखाचं नाव आणि शेजारी '४ जण' असं लिहिलं की पत्रिका वाटण्यापुरतं भागतं, पुढे काहीच भागत नाही. त्या चौघांत एक लहान मूल असतं, एकाला अ‍ॅलर्जी असते, एकाला व्हीलचेअर लागते, दोघे फक्त रिसेप्शनला येणार असतात. ही माहिती '४' या आकड्यात बसत नाही, मग ती कुणाच्या तरी डोक्यात राहते आणि ऐनवेळी तो माणूस फोन उचलत नाही. म्हणून रकाने असे ठेवावेत: क्रमांक, कार्डावर छापायचं तसं नाव, कुटुंबाचा कोड, कोणाकडचे, फोन, विधीला येणार का, रिसेप्शनला येणार का, जेवण, अ‍ॅलर्जी, टेबल, आणि 'एक ओळ'. या शेवटच्या रकान्याबद्दल पुढे सांगतो.

उत्तराच्या रकान्यात ड्रॉपडाउन (ठरलेल्या पर्यायांतून निवडायची यादी) हवाच: येणार, नाही, उत्तर बाकी. हाताने लिहू दिलं तर कुणी 'हो' लिहितं, कुणी 'होय', कुणी 'बहुतेक', आणि काउंटइफ (सारख्या नोंदी मोजणारं सूत्र) यातलं एकच मोजतं. डेटा व्हॅलिडेशनमध्ये (रकान्यात काय चालेल ते ठरवणाऱ्या सोयीत) चुकीची नोंद नाकारण्याचा पर्याय निवडा, नुसता इशारा देणारा नको. इशाऱ्याकडे कुणी बघत नाही.

नावांवरून दोन याद्या जुळवायला जाऊ नका. नावापुढे एक रिकामी जागा राहिली तरी व्हीलूकअप (एका यादीतली नोंद दुसरीत शोधणारं सूत्र) हात वर करतो. ते ट्रिमने (जादा रिकाम्या जागा काढणाऱ्या सूत्राने) सुटतं, पण देवनागरीत आणखी एक अडचण आहे. 'कऱ्हाडे' हे आडनाव दोन तऱ्हेने टाइप होतं: एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साध्या र नंतर हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह असतं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, स्प्रेडशीटच्या लेखी ती दोन वेगळी माणसं असतात. म्हणून प्रत्येकाला क्रमांक द्या आणि सगळ्या जुळण्या क्रमांकावरच करा. फोनचा रकाना नंबर टाकण्याआधीच 'साधा मजकूर' करून ठेवावा. एकदा सुरुवातीचं शून्य गळालं की नंतर फॉरमॅट बदलून ते परत येत नाही.

ऑनलाइन फॉर्मने उत्तरं मागवणं सोयीचं वाटतं, पण फॉर्म एका वेळी एका कुटुंबाची एक ओळ आणतो आणि आपली यादी माणसागणिक असते. ती उत्तरं सूत्राने मूळ यादीत ओढून आणण्याचा खटाटोप करू नये. दोनशे-अडीचशे पाहुण्यांपर्यंत हाताने नोंदवणं जास्त भरवशाचं आहे, कारण 'आम्ही येतो, सोबत भाचीही आहे' असल्या गोष्टी माणसाच्याच नजरेला पडतात. फॉर्मचं पान तसंच राहू द्यावं. त्यात ना क्रम बदलायचा, ना ओळी पुसायच्या.

पत्रिका ६ ते ८ आठवडे आधी, उत्तराची शेवटची तारीख ३ ते ४ आठवडे आधी, आणि केटररला पक्का आकडा साधारण ७ ते १० दिवस आधी. मधले दोन आठवडे फोन करण्यासाठी असतात, कारण बरेच लोक विचारल्याशिवाय उत्तर देत नाहीत. त्या आकड्यात फोटोग्राफर, वादक, साउंडची माणसं, सजावटीचे लोक यांचं जेवण धरलेलं असावं. त्यांना यादीतच 'कामावरचे' अशी खूण करून ओळी द्या, म्हणजे बेरीज आपोआप बरोबर येते.

बैठकीचा आराखडाही याच फाइलमध्ये काढता येतो. एका पानावर सगळे चौकोन समान लांबी-रुंदीचे करा आणि एक चौकोन म्हणजे एक फूट समजा. ६० इंच व्यासाच्या गोल टेबलाचा घेर सुमारे १८८ इंच भरतो. आठ जण बसले तर माणसामागे २३-२४ इंच मिळतात, दहा बसवले तर जेमतेम १९. साधी खुर्चीच १७-१८ इंच रुंद असते, म्हणजे दहा जणांत कोपर कुठे ठेवायचं हा प्रश्न उरतोच. दहा जण बसवायचे असतील तर ७२ इंची टेबल घ्यावं. हॉलचे मॅनेजर 'इथे दहा आरामात बसतात' म्हणतात, तेव्हा टेबलाचा व्यास विचारावा. दोन टेबलांच्या कडांमध्ये ६० इंच अंतर असलं की दोन्हीकडच्या खुर्च्या मागे सरकूनही वाढणाऱ्याला वाट राहते. ३० इंच उंचीच्या ६० इंची टेबलावर जमिनीपर्यंत कापड हवं असेल तर १२० इंचाचं मागवा, ७२ इंचीला १३२ इंचाचं. खांब, दारं आणि आणीबाणीचे मार्ग आराखड्यात सर्वांत आधी रंगवून ठेवायचे, टेबलं नंतर मांडायची.

आता समारंभाच्या रूपाविषयी. यासाठी वेगळं पान केलं होतं आणि माझ्या मते संपूर्ण फाइलमधलं सर्वांत मोलाचं पान तेच. त्यावर तीन रंग, एक तटस्थ छटा आणि दोन अक्षरवळणं, एवढंच. जे काही छापायचं, शिवायचं किंवा भाड्याने आणायचं ते या पानाशी ताडून बघायचं. रंग पडद्यावर पाहून पक्के करू नयेत. पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, छापखाना शाईने, त्यामुळे झगझगीत निळे-हिरवे आणि नारिंगी कागदावर मलूल उतरतात. कागदावरचा नमुना मागून घ्यावा. कापडाचा तुकडा तर त्याच हॉलमध्ये, संध्याकाळच्या दिव्यांखाली धरून बघावा. दिवे सगळीकडे २७०० ते ३००० केल्विनचे (केल्विन म्हणजे प्रकाशाच्या रंगाचं माप, आकडा कमी तेवढा प्रकाश पिवळसर) असले की चेहरे आणि फुलं दोन्ही खुलतात. मध्येच ६००० केल्विनचा पांढरा झोत आला तर फोटोत अर्धा चेहरा पिवळा आणि अर्धा निळसर दिसतो, आणि कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (प्रकाशाप्रमाणे रंग जुळवणारी सोय) एका वेळी दोन्ही सुधारू शकत नाही. टेबलावरची फुलांची रचना ३० सेंटीमीटरपेक्षा बुटकी ठेवा, नाहीतर बारीक दांड्यावर ६० सेंटीमीटरच्या वर न्या. मधल्या उंचीची रचना समोरच्याचा चेहरा झाकते आणि त्या टेबलावरचं बोलणंच थांबतं.

प्रत्येक रुमालावर आणि पेल्यावर दोघांची आद्याक्षरं छापली म्हणजे समारंभ व्यक्तिगत झाला, हे मला पटत नाही. पाहुण्याला आपली आठवण ठेवली आहे असं जाणवतं ते त्याच्या स्वतःच्या नावाशी. म्हणूनच तो 'एक ओळ' रकाना. प्रत्येक माणसासाठी त्याच्याच ओळीत एक वाक्य: 'सायकल तुमच्याकडूनच शिकले', 'वसतिगृहातल्या त्या परीक्षेच्या रात्री तू नसतास तर'. ते वाक्य नावाच्या कार्डामागे हाताने लिहायचं. शेवटच्या आठवड्यात एका बैठकीत दीडशे वाक्यं सुचत नाहीत, सगळी 'तुम्ही आलात, आनंद वाटला' अशी होतात. आठवड्याला दहा-बारा ठरवून भरली तर ताजी राहतात. लिहायला कार्डामागे दोन मिनिटं धरा, म्हणजे दीडशे कार्डांना पाच तास. दोघांत वाटून घेतलं तर दोन संध्याकाळी पुरतात. शाई कागदात फुटते का हे एका कोऱ्या कार्डावर आधी पाहा. गुळगुळीत लॅमिनेटेड कागदावर शाईचं पेन चालतच नाही.

छपाईला देताना देवनागरी नावांची विशेष काळजी घ्यावी लागते. छापखान्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर जोडाक्षरं सुटी होतात, ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी जाते. अक्षरांचं आउटलाइनमध्ये (फॉन्टवर न विसंबणाऱ्या आकारांत) रूपांतर करून पीडीएफ द्या, चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कडा) ठेवा, चित्रं ३०० डीपीआयची (इंचामागे ३०० ठिपके) असू द्या. प्रूफ (छपाईआधीचा नमुना) तपासताना क्ष, ज्ञ, श्र, ट्ट, ऱ्ह असलेली नावं आधी बघावीत. दहा टक्के कार्डं कोरी छापून घ्या, ऐनवेळी येणारे पाहुणे असतातच. प्रवेशद्वारावरचा बैठकीचा फलक टेबलवार न करता नावांच्या अकारविल्ह्याने लावा. टेबलवार फलकासमोर प्रत्येकाला सगळी टेबलं वाचावी लागतात आणि दारात गर्दी तुंबते.

रिसेप्शनचं मिनिटवार वेळापत्रक या फाइलचा दुसरा मोठा फायदा. प्रत्येक कामाला सुरुवात, कालावधी, जागा, जबाबदार माणूस, त्याचा फोन आणि लागणारं सामान. सुरुवातीची वेळ हाताने लिहू नका: आधीच्या कामाची सुरुवात अधिक त्याचा कालावधी, असं सूत्र द्या, म्हणजे एक काम लांबलं की पुढचं सगळं आपोआप सरकतं. इथे एक खोच आहे. कालावधीत '२०' लिहिलं तर स्प्रेडशीट त्याचा अर्थ वीस दिवस असा घेते. पडद्यावर फक्त तास-मिनिटं दिसत असल्यामुळे वेळ जागची हलत नाही आणि चूक लक्षातही येत नाही. '०:२०' असं लिहावं किंवा मिनिटांना १४४० ने भागावं. हॉल रिकामा करण्याची वेळ आणि ध्वनिक्षेपक बंद करण्याची वेळ हे न हलणारे टप्पे, तिथून उलट मोजत या. दर दोन तासांमागे पंधरा मिनिटं मोकळी ठेवा. गटागटाने फोटोंना प्रत्येकी ३-४ मिनिटं लागतात, पंधरा गट म्हणजे जवळजवळ तासभर पाहुणे ताटकळणार. आठ-दहा गटांची यादी करून थांबावं आणि नावं पुकारायला दोन्हीकडची माणसं ओळखणारा एक जण नेमावा.

खर्चाचं पान साधंच पुरतं: अंदाज, करारातली करांसकट रक्कम, दिलेले, बाकी, पुढच्या हप्त्याची तारीख. जादा तासाचा दर आणि अनामत यांना मात्र वेगळे रकाने द्या, कारण शेवटच्या बिलात वाद होतो तो याच दोन गोष्टींवरून. एकूण रकमेच्या दहा टक्के राखीव ठेवलेले बरे.

त्रासाच्या गोष्टीही आहेत. फोनवर अकरा रकान्यांची यादी वाचणं जिकिरीचं होतं. घरातल्या सगळ्यांना बदल करण्याचा अधिकार दिला तर कुणीतरी एकच रकाना निवडून क्रम लावतं आणि नावं एका ओळीत, फोन भलत्याच ओळीत जातात. जुन्या आवृत्त्यांच्या नोंदीतून फाइल परत आणता येते, पण त्यानंतर इतरांनी केलेले बदलही मागे जातात. नाव, क्रमांक आणि टेबल हे रकाने दोघांपुरतेच खुले ठेवा, बाकीच्यांना फिल्टर व्ह्यू वापरायला शिकवा. त्यात ज्याची मांडणी त्याच्यापुरतीच बदलते. प्रत्यक्ष दिवशी तर फाइलवर विसंबूच नका. तळघरातल्या हॉलमध्ये नेटवर्क जातं आणि भरजरी कपड्यांत फोन कुठे ठेवला ते सापडत नाही. आदल्या संध्याकाळी बदल बंद करायचे, वेळापत्रक मोठ्या अक्षरांत छापायचं आणि प्रत्येक व्यावसायिकाला फक्त त्याच्या ओळी द्यायच्या. साउंडवाल्याच्या कागदावर दोन वायरलेस माइक आणि सुट्या बॅटऱ्या लिहिलेल्या असाव्यात.

समारंभानंतर त्याच यादीत भेटवस्तू आणि आभार असे दोन रकाने जोडले की वेगळी वही लागत नाही. भाड्याचं सामान परत देताना मोजलेला नग आणि घेणाऱ्याची सही त्याच दिवशी फोटो काढून नोंदवा, अनामत त्यावरच सुटते. शेवटचा हप्ता चुकता झाला की शेअर केलेली लिंक बंद करा. शेकडो लोकांचे फोन नंबर त्या फाइलमध्ये असतात.