बोटीवरचा जनरेटर बदलून घेतला, या वर्कशॉपचं काम कसं वाटलं ते

गोसेखुर्द धरणाच्या बॅकवॉटरला, खिंडसी नाहीतर नवेगावबांध तलावाला ज्यांची बोट आहे अन् त्यावर जनरेटर बसवायचा किंवा बदलायचा आहे त्यांच्यासाठी जरा लांब लिहून राहिलो, कारण मी शोधत होतो तेव्हा जे सापडलं ते सगळं समुद्राचं, आपल्याकडच्या गोड्या पाण्याचं अन् मे महिन्याच्या उन्हाचं कोणी काही लिहिलेलंच नव्हतं. आमची बोट लोखंडी आहे, मधात एसी केबिन, मागे उघडा डेक, फॅमिली अन् छोटे ग्रुप फिरवतो. या वर्कशॉपनं आमचा जुना १० केव्हीएचा जनरेटर काढून ७.५ चा बसवून दिला. ५ पैकी साडेचार. अर्धा काहून कापला ते खाली सांगतो.

पहिले आवडलं ते हे की यांना विकायची घाई नव्हती. बाकी जिथं जिथं विचारलं तिथं फोनवरच, "दहाचा होता ना, मंग पंधराचा टाका, टेन्शनच नाही" असं सांगून कोटेशन पाठवून दिलं, बोट कोणी पाह्यलीच नाही. इथले मिस्त्रीकाका स्वतः घाटावर आले, करंट मोजायचा क्लॅम्प मीटर लावला अन् एकेक करून सगळं चालू करायला लावलं, दोन्ही दीड टनाचे एसी, फ्रिज, पाण्याचा पंप, लाइट, पंखे, साउंड. सगळं मिळून २० अँपिअरच्या आसपास, म्हणजे साडेचार किलोवॅटच्या आतच. "भाऊ, तुमाले दहाचा काहून पाह्यजे? आठ किलोवॅट देते तो, सगळं लावूनबी तुमी अर्ध्याच्या जरासेच वर जाता."

जुन्याच्या सायलेन्सरच्या तोंडात त्यांनी बोट फिरवून दाखवलं, बोटाला ओली चिकट काळी काजळी, अन् वास कच्च्या डिझेलचा. डिझेल इंजनावर कायम कमी लोड राहिला तं ते नीट तापत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही अन् जे उरते ते सायलेन्सरमधी, व्हॉल्व्हवर जाऊन बसते. आमचा जनरेटर काळा धूर मारून राहिला होता अन् आम्हाला वाटे जुना झाला म्हणून, पण त्याचं अर्धं कारण म्हणजे मशीन गरजेपेक्षा मोठी होती. ७.५ केव्हीए म्हणजे साधारण ६ किलोवॅट, त्यावर आमचा लोड ७०-७५ टक्क्यांवर बसते अन् इंजन खुशीत चालते. आमचे एसी इन्व्हर्टरवाले आहेत म्हणून हे जमलं हेही काकांनी स्पष्ट सांगितलं, साधे असते तं कॉम्प्रेसर सुरू होताना चालू करंटच्या कितीतरी पट ओढतात, मग हिशोब वेगळा करावा लागला असता.

आता धुराचं, अन् हे नीट वाचा. आपल्याकडे बऱ्याच बोटींवर पेट्रोलचा छोटा पोर्टेबल जनरेटर मागच्या डेकवर दोरीनं बांधून ठेवलेला दिसते, लग्नाचं फोटोशूट, वाढदिवस सगळं त्याच्यावर. मी तशा बोटीत माझ्या घरच्यांना बसवणार नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळात जाऊन साचते अन् एका ठिणगीत भडका होऊ शकते. अन् धुरातला कार्बन मोनॉक्साइड तर दिसतही नाही, त्याला वासही नाही, एसीसाठी केबिनच्या काचा बंद असतात, माणसाला आधी डोकं दुखते, मळमळते, त्याला वाटते ऊन लागलं, पडून राहतो अन् तिथंच घात होते. बोट पुढं चालली की मागची हवा उलटी केबिनकडं ओढल्या जाते, म्हणून जनरेटर मागे ठेवला म्हणजे धूर मागेच जाईल असं समजू नका.

यासाठी काकांनी काय केलं तर बोट चालवायला लावली अन् केबिनच्या मागच्या दाराशी अगरबत्तीचा अख्खा जुडगा पेटवून उभे राहिले. धूर बाहेर न जाता दाराच्या फटीतून सरळ आत, मागच्या सीटपर्यंत, आम्ही सगळे पाहतच राह्यलो. जुना सायलेन्सर त्याच दाराच्या खाली निघत होता. नवीन पाइप त्यांनी मागच्या कोपऱ्यातून छपराच्याही वर नेला, इंजनापाशी लवचिक जोड दिला म्हणजे हादऱ्यानं वेल्डिंग तडकत नाही, पूर्ण पाइपाला उष्णतारोधक गुंडाळून वर पत्र्याचं कव्हर ठोकलं कारण लहान पोरं कुठंही हात लावतात, अन् तळाशी पाणी काढायला नळी ठेवली. मागच्या दाराला नवीन रबर लावलं. केबिनमधी बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावला. मग पुन्हा बोट चालवून पुन्हा अगरबत्ती. या वेळी धूर मागच्या मागे निघून गेला. एवढी मेहनत बिलात कुठं लिहिलेली नाही, पण मी पैसे दिले ते याचेच दिले असं मी समजतो.

गोसेवाल्यांसाठी दुसरी मोठी गोष्ट म्हणजे इकॉर्निया. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत येते अन् त्याच्यावर ही जलपर्णी माजते, वारा फिरला की रातोरात घाट भरून जाते. बोटींच्या जनरेटरमधी सहसा बाहेरचं पाणी पंपानं आत ओढून इंजन थंड करतात. आपल्याकडे त्या गाळणीत मुळ्या अन् गाळ अडकला की पाणी बंद, पंपाचं रबर जळते अन् इंजन गरम होऊन बंद पडते, तेही मधात पाण्यावर. काकांनी बाहेरचं पाणी आत घ्यायचंच नाही असं ठरवलं. इंजनात बंद कूलंट, अन् ते बोटीच्या पोटाखाली लावलेल्या पाइपांतून फिरून थंड होऊन परत येते. पाइप तांबे-निकेलचे, मधात रबर देऊन लावले म्हणजे ते लोखंडी तळाला थेट चिकटत नाहीत, नाहीतर दोन वेगळे धातू पाण्यात एकमेकांना लागले की लोखंड खाल्ल्या जाते. बोट उभी असली की पाइपांवरून पाणी वाहत नाही, थंडावा कमी पडते, अन् आपले लोक तर बोट उभी करूनच जेवतात, म्हणून पाइपाची लांबी उभ्या बोटीच्या हिशोबानं धरली. भर मे महिन्याच्या दुपारी दोन्ही एसी लावून बोट उभी ठेवली, टेंपरेचरचा काटा हिरव्याच्या बाहेर गेला नाही.

काढायचं अन् बसवायचं काम घाटावरच झालं. डेकचं झाकण लहान म्हणून जुन्याचं इंजन अन् अल्टरनेटर (वीज तयार करणारा भाग) आतच वेगळं केलं, बल्ल्यांची तिकटी अन् चेन ब्लॉक लावून एकेक वर घेतलं, गावातले मासेमार ढिवर भाऊ मदतीला होते. नवीन मशीन हलकी, त्यामुळं बोट एका अंगाला कलली, ते पाहून काकांनी लगेच बॅटऱ्या तिकडून इकडं केल्या. रबराच्या पायांवर मशीन बसवली अन् वर आवाजरोधक पेटी आहे म्हणून केबिनमधी आता मोठ्यानं बोलावं लागत नाही, उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या काठानं जाताना पक्ष्यांचे आवाज ऐकू येतात, आधी फक्त भडभड ऐकू ये.

वायरिंगमधी दोन गोष्टी चांगल्या केल्या. एक म्हणजे चेंजओव्हर स्विच, घाटावरची महावितरणची लाइन अन् जनरेटर दोन्ही एकदम जोडल्या जाऊच शकत नाही. दुसरं, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन लगेच तोडणारा स्विच. पाण्यावर लोखंडी बोटीत ओल्या अंगानं माणसं फिरतात, तिथं याच्याशिवाय लाइन देणं म्हणजे जिवाशी खेळ. टेस्टचं बटन दाबून आमच्या पोट्ट्यांकडून ट्रिप करवून घेतलं अन् दर महिन्याला दाबा म्हणून सांगितलं. वायरिंगचा नकाशा कागदावर काढून दिला, बोटीच्या तपासणीच्या (सर्व्हेच्या) वेळी कामी येते.

खर्च जनरेटर, पाइप, वायरिंग, मजुरी धरून साडेचार लाखाच्या घरात गेला. डिझेल आमच्या लोडवर तासाला दीड लिटरच्या आसपास लागते, जुना याच कामाला जास्त पिऊन राहिला होता.

आता अर्ध्या स्टारचं. तांबे-निकेलचा पाइप बाहेरून येणार होता, तो वेळेवर आला नाही अन् तो कधी येईल हे आम्हाला कोणी नीट सांगितलं नाही, ऐन उन्हाळी सुट्ट्यांच्या शनिवार-रविवारच्या बुकिंग रद्द कराव्या लागल्या. उशीर समजू शकतो, पण एक फोन करायला काय जाते? मालवाहतुकीचा खर्चही कोटेशनमधी नव्हता, शेवटी जोडला. बोललो तेव्हा अर्धा कमी केला, पण आधीच लिहायला पाह्यजे होता. अन् जिथं वेल्डिंग केलं तिथं नुसता प्रायमर मारून सोडलं, रंग आम्हालाच द्यावा लागला.

सर्व्हिस मात्र चांगली. पहिलं ऑइल ५० तासांनी बदलायचं होतं, त्यासाठी स्वतः आठवण करून माणूस पाठवला. थंड करायची पद्धत बदलल्यानं वॉरंटी राहते का हे मी विचारलं तर कंपनीच्या डीलरकडून लेखी आणून दिलं, तुम्हीही हे कागदावरच घ्या.

काम द्यायचं असेल तर दिवाळीनंतर लगेच बोलून ठेवा. पावसाळ्यात धरणाचं पाणी वरखाली होत राहते, घाटावर तिकटी उभी करता येत नाही, म्हणून जूनपासून हे लोक बोटीचं काम घेतच नाहीत. अन् फोन सकाळी १० च्या आधी करा, नंतर काका कुठंतरी शेतातल्या इंजनावर असतात अन् उचलत नाहीत.