उपसर्ग आणि शब्दमुळे शिकवणारा कार्डसंच: दोन महिन्यांच्या वापरानंतर

इंग्रजी उपसर्ग आणि शब्दमुळे शिकवणारा हा कार्डसंच मी दोन महिने रोज वापरला असून, ‘आहार, विहार, प्रहार, संहार’ ही ‘हृ’ धातूची मालिका शाळेत घोकलेल्या कोणालाही त्याची पद्धत चटकन उमगेल. ‘पाहणे’ या अर्थाच्या ‘स्पेक्ट’ या लॅटिन मुळाचे कार्ड उलटले, की इन्स्पेक्ट म्हणजे आत डोकावून पाहणे, रिट्रोस्पेक्ट म्हणजे मागे वळून पाहणे, अशी उकल एकाखाली एक मिळते.

सर्वांत सरस कार्ड ‘इन’ या नकारार्थी उपसर्गाचे आहे. ‘लीगल’पूर्वी त्याचा ‘इल’, ‘रेग्युलर’पूर्वी ‘इर’ आणि ‘पॉसिबल’पूर्वी ‘इम’ का होतो, हे तेथे उच्चाराच्या सोयीवरून समजावले आहे. आपल्याकडे ‘उत्’ आणि ‘लेख’ मिळून ‘उल्लेख’ होतो, तोच हा प्रकार. (व्याकरणाच्या तासाला संधी रटाळ वाटायची, ही कबुली येथेच दिलेली बरी.)

मात्र याच कार्डावर ‘इन’चा ‘आत’ हा दुसरा अर्थ दिलेला नाही, आणि ‘इन्स्पेक्ट’मध्ये तो येऊन गेलेला असूनही मी ‘इन्फ्लेमेबल’चा अर्थ बिनदिक्कत ‘न पेटणारा’ असा लावला. प्रत्यक्षात तो ‘सहज पेट घेणारा’ असा आहे, आणि अशा अपवादांसाठी संचात एकही कार्ड नाही. ग्रीक मुळेही घाईने उरकली आहेत. छपाई स्वच्छ आहे. अगदी नवशिक्यांना मी हा संच सुचवणार नाही, कारण ओळखीचे शब्दच नसतील तर फोड कशाची करणार?