'एक लाखाचं संरक्षण' लिहिलेला सर्ज प्रोटेक्टर घेताय? आधी हे वाचा

सर्ज प्रोटेक्टर म्हणजे विजेच्या झटक्यापासून उपकरणं वाचवणारा बोर्ड. त्याच्या खोक्यावर ठळक अक्षरांत होतं: 'जोडलेल्या उपकरणांना १,००,००० रुपयांपर्यंत संरक्षण'. त्या भरवशावर १,८४९ चा एक, असे दोन घेतले. ३,६९८ रुपये, पक्क्या बिलावर.

जूनमध्ये आमच्या गल्लीतल्या पोलावरचा न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, तुटला. दिवे पांढरेफटक झाले, पंखा सुसाट सुटला, मेन स्विचपर्यंत पोहोचेतो टीव्हीतून फाटकन आवाज आला. टीव्हीचा बोर्ड १४,६००, फ्रिजचा पीसीबी ६,२५०, राउटर १,९००. एकूण २२,७५० रुपये. दोन्ही प्रोटेक्टर वितळले.

कंपनीने आधी तपासणीचे ५९० रुपये घेतले, मग कळवलं: 'हा सर्ज नाही, सतत राहिलेला जादा दाब आहे; हमीत बसत नाही.' आतला एमओव्ही हा भाग क्षणार्धात येऊन जाणारा झटका अडवतो, वीज पडल्यावर येतो तसा. न्यूट्रल गेला की २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या आसपास दाब येऊ शकतो आणि तो टिकून राहतो, मग एमओव्हीच तापून जळतो. हे बनवणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असतं. आपल्याकडे न्यूट्रल गेल्यानेही उपकरणं जळतात, आणि नेमकं तेच वगळून वर एक लाखाचा आकडा छापायचा!

दुकानातला तो क्षण डोक्यातून जात नाही. मी विचारलं, "न्यूट्रल गेला तर चालेल ना हो?" तो म्हणाला, "ताई, त्यासाठीच तर आहे हे!" हमीपत्रावर शिक्का मारला आणि बारीक अक्षरांतला अटींचा कागद घडी करून परत खोक्यात सारला. तिथेच म्हणायला हवं होतं, तो कागद उघडा आणि न्यूट्रलचं कुठे लिहिलंय ते दाखवा. पण मी स्पष्ट शब्दांत विचारलं होतं. विकणारा तोंडावर हो म्हणतो, तर गिऱ्हाइकाने आणखी काय करायचं?

अटी पैसे देण्याआधी वाचा, दुकानदाराला राग आला तरी. बिलावर मॉडेल आणि सिरीयल नंबर घ्या. माझ्या बिलावर नुसतं 'एक्स्टेंशन बोर्ड' आहे, त्यावरूनही अडवलं.

मग न्यूट्रल तुटल्याचा वीज कंपनीचा दाखला मागितला. कार्यालयातल्या नोंदीत फक्त 'लाईट गेली'. न्यूट्रल जोडणारा वायरमन म्हणतो साहेब लिहून देतील, साहेब म्हणतात असा दाखला आम्ही देतच नाही, वरच्या कार्यालयात जा. वरचे म्हणतात खालून अहवाल आणा. तुमच्याच माणसाने तुमच्याच पोलावर चढून जोडलेली तार, आणि पुरावा मी आणायचा? एका तक्रार पोर्टलवर लिहिलं, तर प्रोटेक्टरवाल्या कंपनीचं तेच 'हमीत बसत नाही' वाक्य चिकटवून तक्रार 'निकाली'. मला एक फोनसुद्धा नाही. पगार कशाचा घेता?

तक्रार नोंदवताना 'न्यूट्रल तुटला' हेच शब्द लिहायला लावा, क्रमांक घ्या. अर्थिंग तपासून घ्या, त्यावरूनही दावे फेटाळतात. न्यूट्रलसाठी मेन बोर्डात दाब वाढला की पुरवठा तोडणारं ओव्हर-व्होल्टेज प्रोटेक्टर लागतं, ते वेगळं असतं.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. मी तिथे जातेय. जळालेले प्रोटेक्टर कंपनी 'तपासणीसाठी' पुन्हा मागतेय. देणार नाही. तुम्हीही देऊ नका.